दोन टिंबं आणि एक गोळा

काल ऑफिसात एकीचा शेवटचा दिवस होता. आमच्या टेस्टिंग टीममधली. पाच वर्षं शेजारच्या क्युबिकलमध्ये बसायची. नेहमीप्रमाणे केक, समोसे, वेफर्स, मॅनेजरचं भाषण... सगळं साग्रसंगीत झालं. मग सगळ्यांनी तिला बोलायचा आग्रह केला. ती म्हणाली, "सगळ्यांचे आभार. आणि ज्यांनी माझे बग 'इकडे होत नाहीये' म्हणून बंद केले, त्यांचे विशेष आभार." सगळे हसले. मीही हसलो. पण बोलताना ती माझ्याकडे बघत होती, आणि ती कुठल्या बगबद्दल बोलतेय हे आम्हा दोघांनाच नीट माहीत होतं.

तर मंडळी, हा वीकान्त त्या बगच्या नावाने. थोडं तांत्रिक होईल, पण घाबरू नका. ज्याने मुंबईच्या लोकलमध्ये कधी सीट पकडली आहे त्याला रेस कंडिशन वेगळी समजवायची गरज नाही. सीट रिकामी आहे हे दोघांना एकाच वेळी दिसतं, दोघंही निघतात. 'बघणं' आणि 'बसणं' यांच्या मधे जी फट असते ना, तीच रेस कंडिशन. लोकलमध्ये निदान भांडण तरी होतं. कॉम्प्युटरमध्ये भांडण होत नाही. दोघंही मजेत एकमेकांच्या मांडीवर बसतात आणि कुणालाच पत्ता नसतो. पत्ता लागतो तो तीन आठवड्यांनी, रात्री अडीच वाजता, ग्राहकाच्या फोनने.

फाइलसिस्टिममधलं एक उदाहरण घ्या. डिस्कवर 'फोटो' आणि 'बॅकअप' असे दोन फोल्डर शेजारी शेजारी आहेत. एक प्रोग्राम 'फोटो' उचलून 'बॅकअप'मध्ये ठेवायला निघाला. नेमक्या त्याच क्षणी दुसरा प्रोग्राम 'बॅकअप' उचलून 'फोटो'मध्ये ठेवायला निघाला. दोघंही शहाणे आहेत. हलवण्याआधी तपासतात, की आपण ज्याच्यात ठेवतोय तो आपल्याच पोटातला तर नाही ना? दोघांनाही उत्तर मिळतं 'नाही'. त्या क्षणी ते खरंही असतं. दोघंही पुढे जातात. झालं! फोटो बॅकअपच्या पोटात, बॅकअप फोटोच्या पोटात, आणि मुळापासून त्यांच्याकडे जाणारी वाट गायब. फाइली शाबूत आहेत, डिस्कवर जागाही अडवून बसल्यात, पण तिथे पोचायचं कसं?

म्हणून लिनक्समध्ये प्रत्येक फाइलसिस्टिमसाठी एक मोठं कुलूप असतं. एका फोल्डरातून उचलून दुसऱ्यात काही हलवायचं असेल तर आधी ते घ्यायचं. एका वेळी एकच हलवणारा. बाकीच्यांनी थांबायचं.

हे ऐकल्यावर मला नेहमी आजोबा आठवतात. आजोबा रेल्वेत होते, एकेरी मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर म्हणून नोकरी गेली. लाइन एकच, गाड्या दोन्ही बाजूंनी येणार. समोरासमोर आल्या तर काय होईल ते सांगायला नको. त्यावर उपाय म्हणजे टोकन. चेंडूएवढा लोखंडी गोळा. दोन स्टेशनांत दोन यंत्रं, तारेने एकमेकांना जोडलेली. एकातून गोळा बाहेर काढला की तो परत कुठल्यातरी टोकाच्या यंत्रात जाईपर्यंत दुसरा गोळा निघतच नाही. गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला तरच गाडी पुढे. न थांबणाऱ्या गाडीसाठी तो चामड्याच्या पिशवीत घालून मोठ्या रिंगला बांधत, आणि पळत्या इंजिनातला माणूस ती रिंग हातात झेलत असे. लहानपणी ही गोष्ट मी त्यांच्याकडून पन्नास वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी शेवट ठरलेला: "गाडी दिसत नाही म्हणजे लाइन मोकळी आहे असं नसतं बाळा. गोळा हातात आहे म्हणजे लाइन मोकळी."

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात 'म्युच्युअल एक्सक्लूजन' मला सहज जमलं ते या गोळ्यामुळे. मार्कही चांगले पडले. आजोबांचं वाक्य मात्र नुसतं पाठ होतं. कळायला २०२३ साल उजाडावं लागलं.

आमची कंपनी बॅकअपची यंत्रं बनवते आणि त्यात आमची स्वतःची फाइलसिस्टिम आहे. २०२३च्या जुलैमध्ये या बाईंनी बग नोंदवला. फोल्डर इकडून तिकडे हलवणारी टेस्ट सतत चालू ठेवली तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा एखाद्या फोल्डरची दोन टिंबं चुकतात.

आता ही दोन टिंबं म्हणजे काय? प्रत्येक फोल्डरच्या आत एक नोंद असते, जिचं नावच दोन टिंबं. ती सांगते 'माझा बाप कोण'. फोल्डर एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवला की तीन गोष्टी बदलाव्या लागतात. जुन्या बापाच्या यादीतून नाव खोडायचं, नव्या बापाच्या यादीत घालायचं, आणि हलवलेल्या फोल्डरची दोन टिंबं नव्या बापाकडे वळवायची. शाळा बदलताना दाखला काढायचा, नवीन शाळेत नाव घालायचं आणि पोराच्या ओळखपत्रावरही शाळेचं नाव बदलायचं, तसंच.

मी एक रात्र टेस्ट चालवली. काही झालं नाही. मग कोडमध्ये जागोजागी प्रिंट टाकले, की काय चाललंय ते दिसावं. चार रात्री चालवली. ढिम्म काही नाही. बग बंद केला, कारण 'रिप्रोड्यूस होत नाही'. तिने पुन्हा उघडला. मी पुन्हा बंद केला. "अगं तुझा सेटअप गंडलाय, डिस्क बदलून बघ." तिने डिस्क बदलली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बंद करताना तर मी कॉमेंटमध्ये एक स्मायलीही टाकली होती. आता ती बघवत नाही.

प्रिंट टाकल्यावर बग का पळाला याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता. प्रिंट करायला वेळ लागतो. त्या वेळेने दोन प्रोग्रामांची चाल बदलते, आणि ज्या मायक्रोसेकंदाच्या फटीत दोघं आपटत होते ती फट सरकते. बग पळतो तेव्हा तो खरं म्हणजे हातात पुरावा ठेवून जातो, की मी वेळेशी बांधलेला आहे, मी रेस आहे. मी मात्र त्याचा अर्थ 'बगच नाही' असा काढला. गाडी दिसली नाही, म्हणून लाइन मोकळी धरली.

डिसेंबरमध्ये गाडी दिसली. एका ग्राहकाकडचं यंत्र रात्री बसलं, आणि उठलं तेव्हा एक फोल्डर झाडावरून नाहीसा झाला होता. दोन रात्री जागून आम्ही बहुतेक सगळं परत मिळवलं. जुन्या फाइलींची दुसरी प्रत होती. त्या दिवशीच्या कामाची नव्हती. मधे ग्राहकाशी कॉल झाला त्यात पलीकडून एकजण फार शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, आमची माणसं ते पुन्हा टाइप करतील." ओरडला असता तर बरं वाटलं असतं. कुठल्यातरी हॉलमध्ये बसून काही माणसांनी एक अख्खा दिवस पुन्हा जगला, कारण मी एक बग तीनदा बंद केला होता.

मग मात्र नीट बसलो. कारण सापडायला दीड दिवस लागला. हलवताना आम्ही जुन्या आणि नव्या, दोन्ही बापांना कुलूप लावत होतो. पण ज्याला उचललंय त्या पोराला नाही! म्हणजे आम्ही त्याची दोन टिंबं कुठे लिहिली आहेत ते शोधून ठेवायचो, आणि प्रत्यक्ष बदलायला जाईपर्यंत दुसरा कुणीतरी त्याच फोल्डरात नवीन फाइल टाकून यादीची जागाच बदलून जायचा. आम्ही जुन्या जागेवर लिहायचो. तिथे आता भलतंच काहीतरी असायचं.

जगात आपण एकटेच मूर्ख आहोत का हे बघायला लिनक्सचा इतिहास उघडला, आणि खुर्चीत ताठ बसलो. हुबेहूब हीच गोष्ट, त्याच वर्षी, एक्सटी४मध्ये झाली होती. अँड्रॉइडच्या कितीतरी फोनांपासून सर्व्हरपर्यंत वापरली जाणारी फाइलसिस्टिम! तिथे फोल्डर छोटा असेल तर त्याची यादी इनोडमध्येच, म्हणजे फोल्डरच्या नोंदीच्या पानावरच, कोपऱ्यात लिहून ठेवायची सोय आहे. यादी वाढली की ती स्वतंत्र ब्लॉकमध्ये जाते. हलवणं चालू असताना नेमकी ही बदली झाली तर कर्नल कोसळायचा. २०२३च्या सुरुवातीला यान कारा यांनी तो बुजवला. ते लिनक्स फाइलसिस्टिममधले जुने जाणते. उपाय सरळ: हलवलेल्या फोल्डरलाही कुलूप लावा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. इथून ती सुरू होते.

मार्च २०२३. त्या कुलपामुळे डेडलॉक होऊ शकतो असं दिसलं. एक्सटी४मध्ये बाकी सगळीकडे आधी फोल्डरचं कुलूप घेतात आणि मग जर्नलचा व्यवहार सुरू करतात. इथे उलटं झालं होतं, आधी व्यवहार आणि मग कुलूप. एकाच्या हातात कुलूप आणि तो व्यवहाराची वाट बघतोय, दुसऱ्याच्या हातात व्यवहार आणि तो कुलपाची. पेठेतल्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर, दोघंही रिव्हर्स घेणार नाहीत. हे पकडलं लॉकडेप नावाच्या हत्याराने, जे २००६पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे. त्याची गंमत अशी की ते अपघाताची वाट बघत नाही. कुणी कुठल्या क्रमाने कुलपं घेतली याची वही ठेवतं, आणि क्रम कुठे उलटा दिसला की ओरडतं. प्रत्यक्षात कुणी अडकलेलं नसलं तरीही. आजोबांना आवडलं असतं.

त्याच मार्चमध्ये अजून एक दुरुस्ती. एका आडवाटेवर तेच कुलूप दोनदा उघडलं जाण्याची शक्यता होती.

मग लक्षात आलं की हे दुखणं एकट्या एक्सटी४चं नाहीच. दोन टिंबं बदलणाऱ्या इतरही फाइलसिस्टिम आहेत, प्रत्येकीने हे कुलूप आपापलं लावायचं म्हटलं तर प्रत्येक जण क्रम चुकणार. म्हणून ते सगळ्यांच्या वरच्या थरात, व्हीएफएसमध्ये नेलं. हे ऑगस्ट २०२३मध्ये आलेल्या ६.५मध्ये झालं, आणि एक्सटी४मधलं कुलूप काढून टाकलं. क्रमाचा नियमही ठरला. एक फोल्डर दुसऱ्याच्या वर असेल तर वरचा आधी. दोघांचं नातं नसेल तर मेमरीत ज्याचा पत्ता लहान तो आधी.

किती छान, किती स्वच्छ! जानेवारी २०२४मध्ये मी हाच नियम आमच्याकडे आणला. कोड आपला, नियम उसना. बहात्तर तास टेस्ट चालवली, सगळं हिरवं. कोड रिव्ह्यूला मॅनेजरना सांगून तिलाही बोलावलं. खरं तर ते माफी मागायच्या ऐवजी होतं, हे आता कबूल करतो.

मी बोर्डावर दोन चौकोन काढून नियम समजावला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "दोन ठीक आहेत रे. तीन असले तर?"

"तीन असले तरी तेच. कुठलेही दोन घे, नियम सांगतो आधी कोण."

"हो, पण तिघांची एक रांग लागते का?"

मी म्हणालो, लागते की. आणि रांग लावायला गेलो, बोर्डावर, सगळ्यांसमोर.

तुम्हीही लावून बघा. लग्नाची पंगत आहे. नियम असा, की एकाच घरातले असतील तर वयाने मोठा आधी, आणि वेगवेगळ्या घरांतले असतील तर उंचीने बुटका आधी. आता तीन जण आले. उंच आजोबा, त्यांचा छोटा नातू, आणि मध्यम उंचीचे शेजारचे काका. नातू आणि काका, घरं वेगळी, नातू बुटका, म्हणून नातू आधी. काका आणि आजोबा, घरं वेगळी, काका बुटके, म्हणून काका आधी. आजोबा आणि नातू, एकच घर, म्हणून आजोबा आधी. म्हणजे नातवानंतर काका, काकांनंतर आजोबा, आजोबांनंतर नातू... पंगत बसलीच नाही, गोल फिरत राहिली. प्रत्येक जोडीपुरता नियम बिनचूक आहे. तिघांत मिळून रांगच नाही. आणि जिथे कुलपांची रांग लागत नाही तिथे आज ना उद्या तिघं एकमेकांची वाट बघत कायमचे उभे राहणार.

मार्कर हातात धरून मी गप्प. बहात्तर तासांच्या टेस्टने हे सांगितलं नव्हतं, आणि बहात्तर आठवड्यांच्या टेस्टनेही सांगितलं असतं याची खात्री नव्हती. एका साध्या प्रश्नाने सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा लिनक्स उघडलं. म्हटलं, ६.५मध्ये हे कसं काय चालतं? चालत नव्हतंच! अल व्हिरो यांनी, जे व्हीएफएसची देखभाल करतात, नेमकं हेच दाखवून दुरुस्ती पाठवली होती. की हा क्रम क्रम नाहीच, अ आधी ब आणि ब आधी क यावरून अ आधी क असं त्यात ठरत नाही. मार्च २०२४मध्ये आलेल्या ६.८मध्ये ती आहे. मला हे वाचून आनंद झाला हे मान्य करतो. इतक्या मोठ्या माणसांचं जे हुकलं तेच आपलं हुकलं म्हणजे काय, मानच की. :)

पण खरी शिकण्यासारखी होती ती दुरुस्ती. नवीन कुलूप आणलंच नाही. म्हटलं काय, तर ते सुरुवातीचं मोठं कुलूप हातात असल्याशिवाय दोन पोरांना एकदम कुलूप लावायचंच नाही. आणि पुढे: फोल्डर त्याच बापाकडे राहून नुसतं नाव बदलत असेल तर त्याला कुलूप लावायची गरजच काय? बाप तोच, दोन टिंबं तीच. म्हणजे काही कुलपं चक्क काढली. शिवाय लिनक्ससोबत येणाऱ्या कागदपत्रांत या कुलपांवर एक पान आहे, ते नव्याने लिहिलं. त्यात टेस्टचे आकडे नाहीत. कुठल्या कामाला कुठलं कुलूप कुठल्या क्रमाने, आणि या नियमांनी कुणीच कायमचं का अडकू शकत नाही याची सिद्धता. गणिताच्या वहीत असते तशी, 'समजा अडकले आहेत' इथून सुरू होऊन विसंगतीवर संपणारी.

म्हणजे वर्षभरात, जगातल्या उत्तमांपैकी काही डोक्यांना, दोन टिंबांसाठी इतक्या फेऱ्या माराव्या लागल्या. याचं मला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं, मग थोडी भीती वाटली. कारण आपण सगळे काय करतो? रेस दिसली की कुलूप लावतो. टेस्ट हिरवी झाली की घरी जातो. कुलूप लावणं सोपं आहे हो, दोन ओळींचं काम. अवघड असतं ते सगळ्यांनी पाळायचा एकच क्रम ठरवणं, आणि तो का बरोबर आहे हे दुसऱ्याला पटेल असं साध्या शब्दांत लिहिता येणं. ते लिहिता येत नसेल तर बग दुरुस्त झालेला नाही, फक्त दिसेनासा झालाय. आजोबांच्या भाषेत, गोळा हातात नाही.

आमच्याकडेही ते मोठं कुलूप होतं, पण वेगासाठी आम्ही ते काही वाटांवर घेत नव्हतो. त्या वाटा बंद केल्या. हलवणं किंचित हळू झालं. एकाही ग्राहकाला ते कळलं नाही. फंक्शनच्या डोक्यावर अकरा ओळींची कॉमेंट लिहिली, क्रम काय आणि का. त्या अकरा ओळींना चार दिवस लागले, कोडला एक. दर वेळी ती वाचायची आणि म्हणायची, "हे वाक्य मला नाही कळलं." आणि दर वेळी तिला न कळलेल्या वाक्यात माझीच काहीतरी गफलत निघायची.

यानंतर दोघंही त्या जुलैच्या बगबद्दल कधी बोललो नाही. तिने काढला नाही. मी तर काय काढणार?

काल समोसे संपल्यावर तिचा डबा, मग आणि मनी प्लांट असं सामान घेऊन पार्किंगपर्यंत गेलो. तिथे एकदाचं म्हणालो, "तो बग... तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं. सॉरी."

ती हेल्मेट घालत होती. म्हणाली, "माहितीये. मनी प्लांट नीट धर, माती सांडतेय." मग गाडी चालू करून म्हणाली, "बंद करताना कारण काय टाकलं होतंस ते अजून तसंच आहे बघ."

वर येऊन बघितलं. खरंच तसंच होतं. दुरुस्ती वेगळ्या नंबरखाली गेली होती, आणि तिचा मूळ बग अजूनही 'रिप्रोड्यूस होत नाही' या शिक्क्याखाली, माझ्या स्मायलीसकट. उघडला. कारण बदलायला गेलो तर यादीत पर्याय ठरावीक: दुरुस्त झाला, दुबार आहे, बग नाही, रिप्रोड्यूस होत नाही. 'मी नीट बघितलं नाही' असा पर्याय नाही. म्हणून 'दुरुस्त झाला' निवडलं, आणि खाली कॉमेंटमध्ये ते वाक्य लिहिलं. शोधणारीचं नावही लिहिलं.

असो. हाक आली. माळा साफ करायचाय. शिडी एकच आहे आणि बाबाही तिकडेच निघालेत. आधी कोण चढणार ते ठरवून घेतो!